फोटोत कोणीच नाही

निसर्ग बघायचा तर कोकणात जा, असं ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. वय झालं, गुडघे कुरकुरायला लागले, बऱ्याच जणांना मी मनातल्या मनात माफही करून टाकलं, पण ह्या मंडळींना नाही. खानदेशात आहे काय बघण्यासारखं, असं विचारतात आणि विचारताना चेहऱ्यावर कीव असते. ऊन, बाभळी आणि भेगाळलेली काळी जमीन एवढंच त्यांना दिसतं. तेही एसटीच्या खिडकीतून, डोक्यावर ओला रुमाल टाकून.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी जळगावात मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि पिंप्राळ्याला एका नव्या कॉलनीत राहत होते. आमच्या ओळीतलं शेवटचं घर संपलं की वावरं, म्हणजे शेतं, सुरू व्हायची. मला लिहायचं होतं. म्हणजे मी लिहायला बसत होते, रोज, स्वयंपाक आवरून, वह्या तपासून झाल्यावर. कागदावर उतरायचं ते सगळं मुलींना निबंधात लिहायला सांगते तसलं. ‘पहाटेचा गार वारा सुटला होता’ वगैरे. जळगावात चैत्रात पहाटे गार वारा कुठून सुटणार? मी काही न बघता लिहीत होते आणि हे मला कळत होतं, म्हणून चिडचिड व्हायची.

मग मी चालायला लागले. दर रविवारी सकाळी चहा झाला की रेल्वे फाटक ओलांडून गाडवाटेने निघायचं. वर्षभराने त्यात कॅमेऱ्याची भर पडली. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ नोकरीसाठी परदेशी निघाले होते, त्यांनी आपला रशियन कॅमेरा मला दिला. वीट गळ्यात अडकवल्यासारखा जड. पण त्याच्या त्या चौकोनी खिडकीतून बघायला लागले आणि माझ्या लिहिण्याचं काहीतरी झालं. खिडकीत सगळं मावत नाही. काय घ्यायचं, काय सोडायचं, हे ठरवावं लागतं. केळीच्या बागेभोवती वाऱ्याला आडोसा म्हणून शेवरी लावतात, ती आम्ही सगळे जन्मापासून बघत आलो. पण शेवरीची सावली केळीच्या फाटक्या पानांवर पडते तेव्हा पानांच्या चिंध्या मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ दिसतात, हे मी त्या खिडकीतून पहिल्यांदा पाहिलं. घरी येऊन तेवढंच लिहिलं. चार ओळी होत्या, पण माझ्या होत्या.

आता रविवारी सकाळी बाई वावरात भटकते म्हणजे कॉलनीला पचणार कसं? त्यातून चैत्र. चैत्रात आमच्याकडे गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालतात. ज्वारीचं शिजवलेलं पीठ, मोठाल्या पातेल्यात, आणि गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया एकीच्या गच्चीवर जमतात. आज हिचे, उद्या तिचे. जी येत नाही तिच्याकडेही कोणी जात नाही, असा साधा हिशोब. मी शनिवारी शाळा सुटल्यावर जाऊन हात लावायचे, तरी रविवारी फाटकाकडे निघाले की गच्चीवरून आवाज यायचा, “बाई, आमचे बिबडे राहू द्या, तुम्ही कावळे मोजून या.” सगळ्या हसायच्या. हसू देत. पण त्यांच्यातल्या एकीचा नवरा रोज संध्याकाळी चौकात पानाच्या ठेल्यावर तासन्‌तास उभा असायचा, त्याला कोणी विचारलं नाही की भाऊ, तुम्ही इथे कशाला उभे राहता. पुरुषाने उभं राहिलं तर तो उभा असतो. बाईने चाललं तर तिला कारण लागतं.

वावरातही तेच. आमच्या भागात बाई रस्त्याने चालली की तिच्या हातात काहीतरी असतं. भाकरीचा डबा, खुरपं, डोक्यावर पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या झाडांचा, भारा. रिकाम्या हाताने चाललेली बाई बघून लोक काळजीत पडतात. एकाने तर मला थांबवून अगदी मायेने विचारलं होतं, घरी भांडण झालं का म्हणून. मी नाही म्हटलं तर त्याला ते खरं वाटलं नाही.

कॅमेरा आल्यावर निराळंच सुरू झालं. फाटकापासून अर्ध्या तासावर एक जुनी विहीर होती, तिच्या मालकाला सगळे आबा म्हणत. सत्तरीचे, ताठ, पांढरी टोपी. त्यांनी पहिल्यांदा माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि हातातलं काम टाकून लगबगीने बांधावर आले.

“कोन मरनं, ताई?”

“कोणी नाही, आबा.”

“मंग लगीन कोनं शे?”

“लग्नही नाही. पाखरांचे फोटो काढते.”

आबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या गावात कॅमेरा दोनच वेळी यायचा. लग्नाला, नाहीतर घरातलं म्हातारं माणूस गेलं की त्याला भिंतीला टेकवून बसवायचं, टोपी घालायची, आणि शेवटचा एक फोटो. बऱ्याच जणांचा तो पहिलाही असायचा. आबा हसले आणि म्हणाले, “पाखरनं लगीन शे म्हना ना!” त्यांच्या मागे अक्का उभ्या होत्या, त्यांची बायको, बारीक चणीच्या आणि अगदी कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं. त्या दिवसापासून ती विहीर हे माझं रविवारचं ठिकाण झालं.

माझा खरा दावा होता तो स्टुडिओवाल्याशी. जळगावात आमच्या शाळेच्या वाटेवर त्याचा स्टुडिओ होता. तेव्हा मी काळ्या-पांढऱ्या फिल्मवर फोटो काढत असे आणि फिल्म धुणं, फोटो छापणं सगळं तोच करायचा. पहिला रोल मी त्याच्याकडे दिला तेव्हा आठवडाभर मला दुसरं काही सुचलं नव्हतं. घ्यायला गेले तर त्याने पाकिटातून मोजके फोटो काढून दिले. एकात माझी मुलं, एकात गाडीवान, एकात शेंगा विकणारी बाई.

“बाकीचे?”

“बाकीचे छापले नाहीत, बाई. त्यांत कोणीच नाही.”

“कोणीच नाही म्हणजे?”

“म्हणजे माणूस नाही. चुकून बटण दाबलं गेलं असेल, होतं असं नव्या माणसाचं. तुमचा कागद फुकट जाऊ नये म्हणून मीच वगळले.”

वर हसला. आपण केवढं भलं काम केलं, अशा चेहऱ्याने. मी म्हटलं, ते मुद्दाम काढलेत. तो म्हणाला, हे झाड? मी म्हटलं, हे झाड. तो म्हणाला, हा नाला? कोरडा? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या कोरड्या नाल्यासाठी मी गुडघ्यांवर बसून अर्धा रविवार घालवला होता. नाल्याच्या वाळूत रात्री येऊन गेलेल्या सशाची पावलं होती. “ह्यात ससा आहे,” मी म्हटलं. त्याने निगेटिव्ह पुन्हा उजेडाला धरली, मन लावून पाहिली, आणि म्हणाला, “नाही दिसत.”

त्यानंतर प्रत्येक रोलसोबत मी बजावायचे, सगळे छापा. तो सगळे छापायचा, पण देताना पाकीट दोन बोटांत धरून म्हणायचा, “घ्या तुमचे कोणीच-नाहीवाले.”

पुढच्या हिवाळ्यात धुळ्याला एका मंडळाने छायाचित्रांचं प्रदर्शन भरवलं. विषय निसर्ग. मी उन्हाळ्यातला एक फोटो पाठवला. पऱ्हाटी उपटून झालेलं रिकामं वावर आणि त्यात उभी राहिलेली वावटळ. वावटळीच्या पोटात वाळक्या पात्या आणि कापसाची बोंडं गरगरत होती. एसटीने धुळ्याला गेले, नवी साडी नेसून. परीक्षक बाहेरगावचे होते. प्रत्येक फोटोसमोर थांबून बोलत होते. माझ्या फोटोसमोर आले आणि म्हणाले, “ह्यात निसर्ग कुठे आहे? नुसता उन्हाळा आहे.” लोक हसले. धुळ्याचे लोक हसले, हे मला जास्त लागलं. जन्मभर वावटळी अंगावर घेतलेली माणसं! पहिला नंबर एका धबधब्याला मिळाला. तो फोटो काढणारा धुळ्याचाच होता आणि धबधब्यासाठी तीन जिल्हे ओलांडून गेला होता. परतीच्या एसटीत मी दात आवळून बसले होते. आणि तिथेच ठरवलं की पुढच्या वर्षी ह्यांना खानदेशातलं, चैत्रातलं, भर उन्हातलं असं काही दाखवायचं की ‘नुसता उन्हाळा’ म्हणायची हिंमत होऊ नये.

ते मला आबांच्या विहिरीवर सापडलं.

विहिरीच्या काठाला लागून बोरीचं मोठं झुडूप होतं, काटेरी, वेडंवाकडं वाढलेलं. त्याच्या एका फांदीला काहीतरी लोंबत होतं. मी आधी ते जळमट समजले. वाळकं गवत, सालीचे तुकडे, किडे खाऊन उरलेला भुसा, सगळं कोळ्याच्या जाळ्याने चिकटवलेलं. कोणीही म्हणेल कचरा. मग त्या कचऱ्याच्या कडेला एक भोक दिसलं, भोकावर बोटभर छज्जा, आणि छज्ज्याखालून एक बाकदार चोच बाहेर आली. शिंजीर. चिमणीहूनही लहान पाखरू. नर उन्हात जांभळा-निळा झळकतो, सावलीत गेला की काळा. मादी मातकट. सगळं घर तिने एकटीने बांधलेलं. आणि आत अस्तर कशाचं, तर कापसाचं! वेचणी झाल्यावर पऱ्हाटीला जे चुकार बोंड राहतं त्याचा कापूस ती चोचीने ओढून आणत होती. मी बघितलं माझ्या डोळ्यांनी. आमच्या कापसाची गादी करून त्यावर ती अंडी उबवणार होती.

मी वेडी झाले. माझ्या कॅमेऱ्याला लांबचं दिसणारं भिंग नव्हतं, म्हणून जवळ जायला हवं आणि जवळ जायचं तर पाखराला माझी सवय व्हायला हवी. मग दर रविवारी त्या बोरीखाली, काट्यांत, पदर खोचून बसायचं. फोटो नाही काढायचा, नुसतं बसायचं. हाताला ओरखडे, साडीला खोंबारे. त्या बसण्यात माझ्या डोक्यात वाक्यं यायची. घरी गेल्यावर ती लिहायची. त्या चैत्रात मी जितकं लिहिलं तितकं आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून लिहिलं नव्हतं. लोक म्हणतात निसर्गात गेलं की मन शांत होतं. माझं अजिबात झालं नाही. उलट मी जास्तच पेटले. एवढं सगळं इथे चाललंय आणि कोणाला दिसत नाही, ह्या रागाने हात भराभर चालायचा.

अंडी फुटली. छज्ज्याखाली लालभडक तोंडं दिसायला लागली. आता फोटो काढायची वेळ आली होती. मादी माझ्यासमोर बिनधास्त घरात शिरत होती. आणखी दोन आठवडे गेले असते तर पिल्लं उडाली असती. त्या रविवारी निघताना मी आबांना म्हटलं, “पुढच्या रविवारी येते, आबा. इथलाच फोटो काढायचाय. छानसा.”

“आठला? आमना हीरवरना?”

“हो, विहिरीवरचाच.”

आबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. अक्का पाण्याचा तांब्या विसळत होत्या. मी आनंदात घरी गेले.

पुढच्या रविवारी गाडवाटेच्या वळणावरूनच मला विहीर दिसली आणि मी जागीच थांबले. विहीर कधी लांबून दिसत नसे. बोरीच्या मागे असायची. आता पांढरीशुभ्र दिसत होती, चुना मारलेली. बोर नव्हती. कुंपणाचे काटे नव्हते. बांधावरचं गवतसुद्धा खरवडून काढलं होतं. विहिरीपुढे अंगणासारखं सारवलेलं होतं आणि तिथे आबा उभे होते. परीटघडीचं धोतर, नवी टोपी. शेजारी त्यांचा मोठा मुलगा, तेल लावून भांग पाडलेला. बैलसुद्धा आणून उभे केले होते, शिंगं रंगवून. पोळ्याला अजून कितीतरी महिने होते.

“या ताई!” आबा लांबूनच ओरडले. “बठ्ठं साफ करी टाकं! आते काढा फोटू.”

“आबा, बोर कुठे गेली?”

“तोडी टाकी ना. तुम्ही दर आईतवारले काटामा बसतस. आनि फोटूमा कचरा कसाले?”

मुलाने अभिमानाने सांगितलं, “चुना मीच मारा, ताई.”

त्यांनी दोन दिवस राबून हे केलं होतं. कामं टाकून. कोणी पाहुणा येणार म्हणून घर झाडावं, तसं माझ्यासाठी वावर झाडलं होतं. आणि माझ्या डोक्यात तिडीक उठत होती. मला ओरडावंसं वाटत होतं की अहो, तुमच्याकडे जगात कोणाकडे नाही असं काही होतं आणि तुम्ही ते कोयत्याने तोडून बांधाबाहेर टाकलंत. माझा तो राग त्यांच्यावर होता आणि त्यांच्यावर नव्हताही. धबधब्याला नंबर देणाऱ्या त्या परीक्षकावर होता. माणूस नाही म्हणून फोटो न छापणाऱ्यावर होता. आपल्या मातीत, आपल्या काट्यांत दाखवण्याजोगं काही नसतं, दाखवायचं तर आधी ते झाकायला हवं, चुना मारायला हवा, हे ह्या भल्या माणसांना कोणी शिकवलं? आणि शिकवणाऱ्यांत मीही नव्हते का? मीच तर शाळेत मुलींना पहाटेच्या गार वाऱ्यावर निबंध लिहायला सांगत होते.

काट्यांचा ढीग बांधापलीकडे पडला होता. मी तिकडे धावले, ते लोंबतं घर शोधायला. सापडेना. मग मागे वळले तर विहिरीच्या काठाला, चुन्याच्या भिंतीवर झुकलेली एकच बोरीची फांदी शिल्लक होती. बुंधा तोडताना ती एक राहून गेली असावी, असं मला वाटलं. तिच्यावर ते घर तसंच लोंबत होतं. पण आता उघडं, सावलीशिवाय, चारही बाजूंनी ऊन. आतून पिल्लांचा बारीक आवाज येत होता. अक्का त्या फांदीपाशी उभ्या होत्या, नव्या लुगड्यात, नाकात नथ.

“तठे काय उभी राहिनी? आठे ये,” आबा त्यांना म्हणाले. “ती फांदी ऱ्हाई गयी, पोऱ्याले सांग, तोडी टाकी.”

“राहू द्या!” मी जवळजवळ किंचाळले. सगळे दचकले. बैलसुद्धा.

अक्का हळूहळू चालत आबांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. आणि मी काय केलं, तर आबांना म्हटलं, जरा इकडे सरका, आणखी इकडे, असे. मी त्यांना त्या फांदीच्या पुढ्यात आणलं. त्यांच्या डाव्या खांद्यावर, टोपीच्या थोडं वर, ते घर खिडकीत येईल असं. ते सगळे अंग ताठ करून, श्वास रोखून उभे. मी बटण दाबेना. आबा घामाने निथळत होते पण हलत नव्हते, कारण फोटो म्हणजे हलायचं नाही. मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. मी बघत होते शेवरीच्या रांगेकडे, जिथून ती येते. येईल का? एवढं उघडं पडल्यावर येईल का?

आली. चोचीत किडा. चुन्याच्या भिंतीवर क्षणभर बसली, गोंधळली, मग घराच्या छज्ज्याला उलटी लटकली. मी बटण दाबलं.

“उना का फोटू?” आबांनी विचारलं.

“आला,” मी म्हटलं.

त्या दुपारी घरी जाऊन मी जे लिहिलं तो माझा छापून आलेला पहिला लेख. एका दमात, रागाच्या भरात, कुठे खाडाखोड नाही. त्यात आबांची विहीर होती, चुना होता, आणि धुळ्याच्या परीक्षकाला चार शब्द होते. लेख वाचून कॉलनीतल्या एका बाईंनी विचारलं, एवढ्या तेवढ्या पाखरासाठी एवढा राग? मी म्हटलं, हो, एवढा.

पुढच्या रविवारी घर रिकामं होतं. पिल्लं उडाली की कावळ्याने नेली, हे कळायला मार्ग नव्हता. धुळ्याला मी पुन्हा काही पाठवलं नाही. पाठवणार काय? स्टुडिओवाला मात्र खूश होता. फोटो देताना म्हणाला, “बघा बाई, आता कसं! ह्यात माणसं आहेत.” मी एक प्रत आबांना नेऊन दिली. आबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि घरात देवाजवळ ठेवली.

त्यानंतर पिंप्राळ्याच्या बाजूने प्लॉट पडत गेले, आमच्या ओळीनंतर आणखी ओळी झाल्या, माझी चालायची वाट लांबत गेली. नव्वदच्या दशकात केव्हातरी आबा गेल्याचं कळलं. दहाव्यानंतर मी भेटायला गेले. घरात समोरच्या भिंतीवर आबांचा मोठा फोटो होता, चंदनी हार घातलेला. तोच फोटो. आबांचा वेगळा फोटो कधी निघालाच नव्हता, म्हणून मुलाने ती जुनी प्रत स्टुडिओत नेऊन त्यावरून मोठा करून घेतला होता. आबा एकटेच होते त्यात. बैल कापले होते, मुलगा कापला होता, अक्का कापल्या होत्या. ते ठीक, जिवंत माणसाला हार कोण घालील? टोपी जरा वाकडी होती ती सरळ केली होती. आणि मागे सगळीकडे रंग भरला होता. निळा, गुळगुळीत, एकसारखा निळा. असलं आभाळ जळगाववर कधी नव्हतं. विहिरीची भिंत नाही, फांदी नाही. खांद्यावर जिथे ते घर होतं तिथे ब्रशने सफाईने निळं फासलेलं.

दुखवट्याच्या घरात काय बोलणार? अक्का माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. थकल्या होत्या, कपाळ मोकळं. त्यांनी फोटोवर बोट टेकवलं. आबांवर नाही. त्या निळ्यावर.

“आठे पाखरनं घर व्हतं ना, ताई?”

“तुम्हाला आठवतं, अक्का?”

“आठवस म्हंजे? पोऱ्या तोडी ऱ्हायंता. ती फांदी मीच तोडू दिधी नही. तुम्ही तठेच बसतस म्हनीसन.” मग म्हणाल्या, “दोन पिला व्हतात. उडी गयात. मी सोता देखं.”

इतकी वर्षं मी समजत होते की फांदी चुकून राहिली. नवरा सांगतोय, मुलगा कोयता घेऊन उभा आहे, आणि ही बाई, जिचा शब्द त्या घरात मी कधी ऐकला नव्हता, फांदीला पाठ लावून उभी राहिली होती. तिला कोणी विचारलं नाही. मी लेख लिहिला, त्यात तिचं नाव नाही, तिची नथ आहे. आणि तिने जे वाचवलं होतं ते स्टुडिओतल्या एका माणसाने ब्रशच्या एका फटक्यात पुसून टाकलं.

मी घरी गेले, ट्रंकेतून ती निगेटिव्ह शोधून काढली आणि तडक स्टुडिओ गाठला. स्टुडिओवाला म्हातारा झाला होता. आता रंगीत फोटो काढत होता, मशीन आलं होतं. मी निगेटिव्ह त्याच्यापुढे ठेवली.

“हा पुन्हा मोठा करा. माणूस एकच ठेवा, हा. पण हे राहिलं पाहिजे.”

त्याने उजेडाला धरली. “हा डाग? मीच तो काढला होता, बाई. मयताच्या फोटोत डाग बरा दिसत नाही.”

“डाग नाही तो.”

“मग काय आहे?”

मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, त्या वाळूतल्या सशापासून. दुकानात गिऱ्हाइकं होती, पोरंबाळं घेऊन पासपोर्टचे फोटो काढायला आलेली, ती थांबून ऐकत होती. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “लोक मलाच नावं ठेवतील, की फोटो नीट साफ केला नाही.”

“ठेवू द्या,” मी म्हटलं. “मलाही ठेवलीत.”

त्याने छापला. मनापासून नव्हे, माझी कटकट जावी म्हणून. मी तो फ्रेम करून अक्कांकडे नेला आणि मुलाने जुना उतरवून हा लावला. चुन्याची भिंत, वाकडी टोपी, घामाने ओला चेहरा, आणि खांद्यावर ते लोंबतं घर. नीट पाहिलं तर त्याला उलटी लटकलेली ती.

पुढे एकदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत मी त्यांच्याकडे गेले होते. माहेरी आलेल्या लेकी, पाहुणे, घर भरलेलं. एक पाहुणे फोटोसमोर उभे राहिले, चष्मा वर केला आणि मुलाला म्हणाले, “फोटू भलता चांगला शे. पन हाऊ डाग कसाना? पुसी का नही टाका?”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी तोंड उघडणार होते. जीभ तयारच होती.

अक्का कोपऱ्यात सुपात गहू पाखडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“डाग नही तो,” त्या म्हणाल्या. “तठे कोनीतरी राहस.”